न्यूरल प्रोजेनिटर पेशींची व्हायल: पेशी छान, पण त्या कुठल्या ते लेबलवर नाही

तयार न्यूरल प्रोजेनिटर पेशींच्या, म्हणजे पुढे चेतापेशी बनवणाऱ्या पूर्वपेशींच्या, फ्रोझन व्हायल (गोठवलेल्या कुप्या) मागवून आता सात महिने होत आले, दोन लॉट (बॅच) वापरून झाले, म्हणून नीट लिहायला घेतलं. मागवायच्या आधी मी स्वतः असा एखादा रिव्ह्यू शोधत होते आणि जे सापडले ते सगळे "छान वाढतात, सपोर्ट चांगला आहे" एवढ्यावरच संपत होते. कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण मी नंतर आणखी तिघांच्या डेटाशीट काढून बघितल्या आणि जी जागा यांनी रिकामी सोडली होती ती त्यांच्याकडेही रिकामीच होती. माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार. दोन कशाचे कापले ते पुढे सविस्तर लिहिते, पण आधी चांगलं ते सांगते कारण चांगलंही खरंच बरंच आहे.

पॅकिंग उत्तम, ड्राय आइस भरपूर, बॉक्स उघडला तेव्हा व्हायल एकदम टणक. ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये धरली, आत बर्फाचा अगदी बारीक खडा उरला की बाहेर काढली, कोमट मीडियम थेंब थेंब करत घातलं, गोठवताना घातलेलं डीएमएसओ जावं म्हणून हलका स्पिन दिला आणि लॅमिनिनचा (पेशी चिकटायला मदत करणाऱ्या प्रोटीनचा) थर दिलेल्या प्लेटमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बहुतेक सगळ्या चिकटलेल्या, तरंगणारा कचरा अगदी थोडा. ज्यांनी आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन बनवलेल्या मूळपेशी) स्वतः प्रोजेनिटर बनवलेत त्यांना माहितीय की इथपर्यंत यायलाच दोन-तीन आठवडे जातात आणि त्यातली निम्मी प्लेट बऱ्याचदा फेकून द्यावी लागते. इथे चौथ्या दिवशी रोझेट दिसायला लागले, म्हणजे पेशी मध्ये एक छोटी पोकळी ठेवून फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल उभ्या राहतात ना ते, गर्भातली न्यूरल ट्यूब आडवी कापल्यावर दिसते तसंच काहीसं. मी मायक्रोस्कोपवर बराच वेळ नुसती बघत बसले होते. वाढ एकसारखी, पासेज करताना, म्हणजे प्लेट भरली की नव्या प्लेटमध्ये हलवताना, त्रास नाही, मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये शिरणारे जंतू) निगेटिव्ह, कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) नॉर्मल, सगळे कागद सोबत.

आता अडचण. लेबलवर आणि सर्टिफिकेटवर लिहिलेलं होतं सॉक्स२ पॉझिटिव्ह, नेस्टिन पॉझिटिव्ह. बस्स. हे दोन मार्कर, म्हणजे पेशीची ओळख पटवणारी प्रोटीन, एवढंच सांगतात की ही पेशी मेंदू किंवा मज्जारज्जू बनवणाऱ्या घराण्यातली आहे आणि अजून पक्की झालेली नाही. पण पार पुढच्या मेंदूच्या टोकापासून ते मज्जारज्जूच्या शेपटापर्यंत सगळ्याच पूर्वपेशी सॉक्स२ आणि नेस्टिन दाखवतात, म्हणजे एखाद्याचा पत्ता विचारला आणि त्याने "पृथ्वी" सांगितलं तसं झालं.

माझं काम कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या आवरणाच्या, चेतापेशींवर. पूर्वपेशींना पक्कं करणाऱ्या डिफरन्शिएशन मीडियमवर टाकल्या, पाच आठवडे थांबले, दर दोन दिवसांनी अर्धं मीडियम बदललं. चेतापेशी मस्त झाल्या, लांबच लांब अ‍ॅक्सॉन, चेतापेशींचा मार्कर असलेल्या बीटा-थ्री ट्यूब्युलिनने सगळी प्लेट उजळली. पण टीबीआर१, जो कॉर्टेक्सच्या खालच्या थरातल्या चेतापेशींचा ठरलेला मार्कर आहे, तो कुठेच नाही. पहिल्यांदा वाटलं मार्करला चिकटून तो दाखवणारी अँटिबॉडी खराब झाली असणार. नवीन आणली, तेच. मग लॅमिनिनवर संशय, मग मीडियमच्या बॅचवर, मग माझ्या हातावर. असे आणखी तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस मी रोज स्वतःची चूक शोधत होते.

शेवटी लॅबमधली एक सीनियर ताई म्हणाली, "अगं, आधी त्या मुळात पुढच्या मेंदूतल्या आहेत का ते तरी बघितलंस का?" नव्हतं बघितलं. त्याच संध्याकाळी डिफरन्शिएट न केलेल्या पेशी घेऊन फॉक्सजी१ लावलं, हा पुढच्या मेंदूच्या पूर्वपेशींचा मार्कर. निळ्या चॅनलमध्ये न्यूक्लियसचा नुसता सडा आणि फॉक्सजी१ चा हिरवा चॅनल पूर्ण काळा. एक्स्पोजर वाढवलं, तरी काळाच. शेजारच्या कंट्रोल स्लाइडवर मात्र तीच अँटिबॉडी लख्ख, म्हणजे अँटिबॉडी ठणठणीत होती. दोन दिवसांनी हॉक्सबी४ लावलं, जो मागच्या मेंदूच्या शेवटच्या भागात आणि मज्जारज्जूत असतो, आणि जवळपास प्रत्येक न्यूक्लियस पेटला. तर माझ्याकडे असलेल्या पेशी मानेच्या आसपासच्या होत्या आणि मी त्यांच्याकडून दोन महिने कॉर्टेक्सची अपेक्षा करत होते!

यावर बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की पूर्वपेशीच आहे ना, अजून कच्ची आहे, मग योग्य मीडियम दिलं की हवं ते बनेल की. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं आणि हा गैरसमज खूप पसरलेला आहे म्हणून जरा खोलात जाते.

गर्भात न्यूरल ट्यूब तयार होते तेव्हापासूनच प्रत्येक पूर्वपेशीला आपण कुठे आहोत ते कळवलं जात असतं. खालच्या बाजूने नोटोकॉर्ड (ट्यूबखालचा दांडा) आणि फ्लोअर प्लेटकडून (ट्यूबचा तळ) सॉनिक हेजहॉग नावाचा सिग्नल येतो, वरून बीएमपी आणि डब्ल्यूएनटी, मागच्या टोकाकडून डब्ल्यूएनटी, एफजीएफ आणि रेटिनॉइक अ‍ॅसिड. कुठल्या सिग्नलचा किती डोस आणि किती वेळ मिळाला यावरून पेशीत कुठले ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन चालू-बंद करणारी प्रोटीन, चालू व्हायचे ते ठरतं, आणि एकदा चालू झाले की ते एकमेकांना धरून ठेवतात, शेजारच्या भागाचे फॅक्टर दाबून टाकतात, डीएनएची कुठली पानं उघडी राहणार आणि कुठली मिटणार हेही त्यातून ठरत जातं. म्हणून सिग्नल निघून गेला तरी खूण राहते. खाण तशी माती म्हणतात ते इथे अगदी शब्दशः खरं आहे.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण म्हणजे आर्तुरो अल्वारेझ-बुया यांच्या लॅबचं २००७ चं काम. उंदराच्या मेंदूत व्हेंट्रिकलच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीत जन्मानंतरही मूळपेशी असतात आणि त्यांच्यापासून ऑलफॅक्टरी बल्बसाठी, म्हणजे वासाच्या केंद्रासाठी, नवीन चेतापेशी बनत राहतात. आधी समज असा होता की या सगळ्या मूळपेशी सारख्याच. यांनी भिंतीच्या वेगवेगळ्या भागातल्या पेशींवर खूण केली आणि बघितलं तर भिंतीच्या वरच्या भागातल्या पेशी बल्बच्या वरच्या थरातल्या ग्रॅन्यूल पेशी बनवतात आणि खालच्या भागातल्या खोल थरातल्या. मग त्यांनी खरी परीक्षा घेतली, एका भागातल्या मूळपेशी उचलून दुसऱ्या भागात बसवल्या. पेशींनी नवीन जागेचं ऐकलं नाही, त्या आपल्या मूळ जागेचीच संतती देत राहिल्या. आणि मधे कल्चरमध्ये वाढवून घेतल्या तरीही तेच. ही शेवटची गोष्ट व्हायल विकत घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण व्हायल म्हणजे कल्चरमध्ये वाढवलेल्याच पेशी.

कॉर्टेक्समधल्या इंटरन्यूरॉनचंही असंच. १९९७ साली दाखवलं गेलं की या ब्रेक लावणाऱ्या चेतापेशींपैकी बऱ्याच जणी कॉर्टेक्समध्ये जन्मतच नाहीत, खालच्या गँग्लिओनिक एमिनन्समध्ये (गर्भाच्या पुढच्या मेंदूतला एक फुगवटा) जन्मून चालत वर येतात. तिथेही एकच गठ्ठा नाहीये, मीडियल (आतला), लॅटरल (बाहेरचा) आणि कॉडल (मागचा) असे भाग आहेत. मीडियल एमिनन्समधून पार्व्हल्ब्युमिन आणि सोमॅटोस्टॅटिन हे मार्कर असलेल्या येतात, कॉडलमधून व्हीआयपी मार्करवाल्या, आणि लॅटरलच्या पेशी बऱ्याच प्रमाणात स्ट्रायटम आणि ऑलफॅक्टरी बल्बकडे जातात. मीडियलच्या पेशी काढून प्रौढ उंदराच्या मेंदूत घातल्या तर त्या दूरवर पसरतात, लॅटरलच्या तशा पसरत नाहीत. दोन्ही जागा गर्भात एकमेकींना अक्षरशः चिकटून आहेत, मधे एक छोटीशी खाच, आणि तरी एवढा फरक.

जागेइतकाच वेळही महत्त्वाचा, आणि लेबलवर वेळेबद्दलही काही नव्हतं, फक्त पासेज नंबर. कॉर्टेक्सची पूर्वपेशी आधी खालच्या थरातल्या चेतापेशी बनवते, मग वरच्या थरातल्या, मग ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. सॅली टेम्पल यांच्या लॅबने २००६ मध्ये उंदराच्या कॉर्टेक्समधल्या एकेकट्या पूर्वपेशी वेगळ्या काढून प्लेटमध्ये वाढवल्या, आजूबाजूला मेंदू नाही, शेजारी नाही, आणि तरी त्या पेशींनी चेतापेशी त्याच क्रमाने बनवल्या. म्हणजे घड्याळ बऱ्याच अंशी पेशीच्या आत चालू असतं. मज्जारज्जूत ऑलिग२ या मार्करवाला जो पट्टा आहे तिथे आधी मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी) बनतात आणि नंतर त्याच पट्ट्यातून ऑलिगोडेंड्रोसाइटच्या, म्हणजे चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण बनवणाऱ्या ग्लियाच्या, पूर्वपेशी निघतात, जागा तीच पण वेळ वेगळी. तेव्हा जास्त वेळा पासेज केलेली व्हायल घेतलीत तर चेतापेशींऐवजी ग्लियाच जास्त मिळण्याची शक्यता वाढते आणि त्यात तुमच्या मीडियमचा काही दोष नसतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. मूळ हेच सगळं काही असं नाहीये. ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशींवर विल्यम रिचर्डसन यांच्या लॅबचं २००६ चं काम आहे, निकोलेटा केसारिस त्यात पहिल्या लेखिका. उंदराच्या पुढच्या मेंदूत या पेशी तीन लाटांमध्ये येतात, पहिली मीडियल एमिनन्स आणि त्याच्या आसपासच्या भागातून, दुसरी लॅटरल आणि कॉडलमधून, तिसरी जन्मानंतर थेट कॉर्टेक्समधून. गंमत अशी की पहिल्या लाटेतल्या पेशी नंतर जवळपास नाहीशा होतात. पण यातली कुठलीही एक लाट मुद्दाम मारून टाकली तर उरलेल्या तिची जागा भरून काढतात आणि उंदीर व्यवस्थित जगतो, मायलिनसुद्धा नीट असतं. आणि २०१८ मध्ये सिंगल सेल सीक्वेन्सिंगने (एकेका पेशीतले चालू जीन वाचून) दिसलं की वेगवेगळ्या भागातून आलेल्या या पूर्वपेशी जन्मानंतर जीन एक्स्प्रेशनमध्ये एकमेकींच्या खूप जवळ येतात. ते वाचून मला वाटलं होतं की चला, निदान ऑलिगोच्या बाबतीत मूळ विचारायची गरज नाही.

पण ते तितकं सोपं नाही. २०१६ चं काम आहे रॉबिन फ्रँकलिन आणि रिचर्डसन यांच्या गटांचं, उंदराच्या मज्जारज्जूत मायलिन खराब केल्यावर दुरुस्तीला कोण धावतं ते बघितलं. वरच्या म्हणजे डॉर्सल मुळाच्या पेशी जास्त जोमाने धावतात, नवीन मायलिनमध्ये त्यांचा वाटा मोठा. पण वय वाढलं की दम आधी त्याच पेशींचा जातो. शांत असताना दोन्ही सारख्याच दिसत होत्या, संकट आल्यावर आणि म्हातारपण आल्यावर मूळ दिसलं. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मायलिन खराब होणाऱ्या आजारासाठी पेशींचा विचार करणाऱ्यांसाठी हे किती महत्त्वाचं आहे बघा. मार्कर सारखे आहेत म्हणून पेशी सारख्या असं धरून चालणं किती धोक्याचं आहे, ते मला तिथे कळलं.

आणि वेळेच्या बाबतीतही थोडी सूट मिळते. २०१९ मध्ये दिसलं की उंदराच्या कॉर्टेक्समधल्या उशिराच्या एपिकल (व्हेंट्रिकलच्या कडेच्या) पूर्वपेशी लवकरच्या गर्भात टाकल्या तर त्या मागे जाऊन पुन्हा खालच्या थरातल्या चेतापेशी बनवू शकतात. पण त्यासाठी त्यांना तरुण गर्भाचं जिवंत वातावरण मिळालं होतं, माझ्या प्लेटमध्ये ते कुठून आणणार. प्लेटमध्ये तर उलटाच गोंधळ होतो, कारण ज्या एफजीएफ२ या वाढीच्या प्रोटीनवर आपण या पेशी वाढवतो तेच वर-खालची ओळख पुसट करतं, डॉर्सल पेशींमध्ये ऑलिग२ चालू करतं, हे २००३ पासून माहितीय.

आता मूळ मुद्दा, या व्हायलमध्ये मागच्या पेशी आल्या कशा. मी सपोर्टला मेल केला. पहिलं उत्तर साचेबद्ध, "आमच्या पेशी मल्टिपोटंट आहेत, तिन्ही प्रकारच्या पेशी देतात," म्हणजे चेतापेशी आणि दोन प्रकारच्या ग्लिया. मी परत लिहिलं, माझे फोटो जोडले, फॉक्सजी१ आणि हॉक्सबी४ दोन्ही. तेव्हा मात्र एका सायंटिस्टने स्वतः फोन केला आणि इथे मी त्यांना पूर्ण मार्क देते, कारण बाईंनी टाळाटाळ न करता माझ्या लॉटचा जुना क्यूपीसीआर (कुठला जीन किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) डेटा काढून पाठवला. त्यात हॉक्स जीन, म्हणजे मागच्या भागाची खूण, चढलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे डेटा त्यांच्याकडे होता. फक्त तो ग्राहकाला द्यायची गरज आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्यांच्याकडूनच कळलं की बनवताना ड्युअल स्मॅड इनहिबिशन (दोन सिग्नल रोखून मूळपेशींना चेतापेशींच्या वाटेला लावणं) वापरतात, २००९ मध्ये आलेली ती पद्धत आता सगळीकडे चालते, नॉगिन किंवा त्याच्या जागी एखादं छोटं मॉलिक्यूल आणि सोबत एसबी४३१५४२ नावाचं रसायन. नुसतं तेवढंच केलं तर पेशी आपोआप पुढच्या मेंदूकडे झुकतात. पण पेशी भरभर वाढाव्यात म्हणून त्यांनी वाढीच्या टप्प्यात सीएचआयआर९९०२१ हे रसायन घातलं होतं, ज्याने डब्ल्यूएनटीचा रस्ता उघडतो, आणि डब्ल्यूएनटी म्हणजे पेशीला "तू मागची आहेस" असं सांगणं. इथे डोसचा खेळ फार नाजूक असतो, अर्ध्या-एक मायक्रोमोलरच्या फरकाने पेशी पुढच्या मेंदूतून मधल्यात आणि तिथून मागच्यात जातात. एकदा मागे गेलेली पेशी पुढे आणणं मला तरी जमलं नाही, सीएचआयआर काढून दोन पासेज वाढवून बघितल्या, फॉक्सजी१ आलं नाही.

पार्किन्सन्ससाठी डोपामिन पेशी बनवणाऱ्यांनी हा धडा आधीच घेतलाय. पूर्वी रोझेटमधून बनवलेल्या डोपामिन पेशी प्लेटमध्ये बऱ्या दिसायच्या पण मेंदूत घातल्यावर नीट टिकायच्या नाहीत. मग लक्षात आलं की खऱ्या मधल्या मेंदूतल्या डोपामिन चेतापेशी फ्लोअर प्लेटमधून जन्मतात, म्हणून २०११ मध्ये आधी फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए वाली फ्लोअर प्लेटची पूर्वपेशी बनवून मग पुढे गेले आणि ग्राफ्ट, म्हणजे मेंदूत घातलेल्या पेशी, टिकायला लागले.

दुसरा लॉट त्यांनी बदलून दिला, वेगळे पैसे घेतले नाहीत. कॅटलॉग नंबर तोच, लेबल शब्दन् शब्द तेच, सॉक्स२ आणि नेस्टिन. यावेळी मी शहाणी होऊन पेशी चिकटल्याच्या तिसऱ्या दिवशीच फॉक्सजी१, ओटीएक्स२ (पुढचा-मधला मेंदू), हॉक्सबी४ आणि एनकेएक्स२.१ (पुढच्या मेंदूचा खालचा भाग, जसं मीडियल एमिनन्स) चारही लावून बघितले. फॉक्सजी१ बहुतेक पेशींत, ओटीएक्स२ आहे, हॉक्सबी४ नाही, एनकेएक्स२.१ एखाद-दुसऱ्या पुंजक्यात. पाच आठवड्यांनी टीबीआर१ आलं, पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मायक्रोस्कोपच्या खोलीतूनच ताईला फोन लावला. एकाच लेबलखाली दोन वेगळ्या जागांच्या पेशी, याचेच दोन स्टार कापलेत.

मागवणार असाल तर ऑर्डरच्या आधी लेखी विचारा की या लॉटचा फॉक्सजी१ आणि हॉक्सचा डेटा आहे का, असला तर तुमच्याच लॉट नंबरचा द्या, "प्रातिनिधिक" नको. सीएचआयआर, रेटिनॉइक अ‍ॅसिड किंवा हेजहॉगचा सिग्नल चालू करणारा अ‍ॅगोनिस्ट बनवताना वापरला का, किती दिवस. पासेज कितवा. उत्तर देत नसतील तर एक व्हायल आधी नुसती स्टेनिंगसाठी ठेवा, तीन दिवसांचं काम आहे, माझे दोन महिने गेले. सॉक्स२ बघून पुढे जाऊ नका.

कंपनीने सांगितलंय की पुढच्या लॉटपासून सर्टिफिकेटवर चार मार्करची एक ओळ वाढवणार. ती ओळ आली की मी इथे येऊन स्टार वाढवीन.

पहिल्या लॉटच्या दोन व्हायल उरल्या होत्या. त्यांच्यावर टेपची पट्टी लावून मार्करने लिहिलं, "हॉक्सबी४ पॉझिटिव्ह, मागचा भाग, कॉर्टेक्ससाठी नाही". शेजारच्या बेंचवरचा मुलगा मोटर न्यूरॉनवर काम करतो, त्याने पट्टी वाचली आणि विचारलं, "ताई, या मी घेऊ का?" रेटिनॉइक अ‍ॅसिड आणि हेजहॉगचा अ‍ॅगोनिस्ट दिल्यावर त्याला ऑलिग२ आलं, मग मोटर न्यूरॉनचा मार्कर एचबी९. गेल्या आठवड्यात तो तिसरी व्हायल मिळेल का विचारत होता.